विमानाचा आरसा आणि नवमीची अक्षता

संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "तुम्ही नक्की काय काम करायचात?" मी म्हटलं, "आरसे पुसायचे." बाई जपून म्हणाल्या, "नाही, म्हणजे हुद्दा काय होता?" हुद्दा होता 'सीनियर ऑपरेटर, सफाई आणि तपासणी'. पण काम आरसे पुसण्याचंच. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, विमानतळाच्या अलीकडे एक लहानसा कारखाना होता, तिथं मी सगळी नोकरी काचा आणि आरसे पुसण्यात घालवली. त्यातला एक आरसा नेमका कशासाठी पुसला, हे मला आजही धड सांगता येत नाही. लिहायला बसले आहे ती त्याच आरशाबद्दल. तुम्हाला काही उमगलं तर मलाही कळवा.

मी गुपित फोडते आहे असं कुणी समजू नये. गुपित फोडायला आधी ते माहीत असावं लागतं. आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि जे पुढं कळलं ते आता सगळ्या वर्तमानपत्रांत येतं.

पुसायला काय अक्कल लागते, असं माझ्या सासूबाईंना वाटायचं. त्यांचं एकवेळ सोडा, नोकरीला लागले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या दिवशी मी पदराच्या टोकानं काच पुसायला गेले आणि पाटीलसाहेब असे किंचाळले, जणू मी काचेला चावलेच. पाटीलसाहेब म्हणजे आमचे क्वालिटीचे साहेब. काचेवर नाही, पण माझ्यावर त्या दिवशी ओरखडा उठला.

खरं काम असं. पुसायचं म्हणजे घासायचं नाहीच. काचेवर पातळ, तंतू न सुटणारा कागद हलकेच ठेवायचा. त्यावर द्रवाचा एक थेंब सोडायचा. कागद ओला होऊन काचेला चिकटला की एका कडेनं धरून, श्वास रोखून, एकाच दिशेनं सावकाश ओढायचा. थेंब काचेवर वाळायच्या आत कागद पलीकडं गेला पाहिजे. लवकर ओढला तर घाण मागं राहते, उशीर झाला तर डाग राहतो. तो कागद पुन्हा वापरायचा नाही. मग खोलीत अंधार करून तिरप्या प्रखर दिव्याखाली बघायचं. सरळ बघितलं की काच निर्मळ दिसते, तिरपं बघितलं की तिचे सगळे अवगुण बाहेर येतात. सासरी नांदलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हे सगळं चालायचं 'क्लीन रूम'मध्ये. तिथली हवा गाळून आत यायची. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा, तोंडाला पट्टी. पावडर नाही, काजळ नाही, गजरा नाही, बांगड्या नाहीत, कुंकू तर मुळीच नाही, कारण त्याचे कण झडतात. हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. "हातातल्या बांगड्या काढायच्या, कुकू पुसायचं, अन् पांढरं नेसायचं? अगं, माझा लेक धडधाकट हाय नव्हं? ह्यो कसला कारखाना म्हणायचा!" शेवटी मी चिकटवायच्या टिकलीवर तोडगा काढला. आत जाताना टिकली लॉकरच्या दाराला चिकटवायची, सुटताना पुन्हा कपाळाला. बाजूच्या लॉकरवर नसीमनं लिहिलं होतं, 'सुरमा पोछो'. ते तिनं स्वतःसाठीच लिहून ठेवलं होतं.

नसीम उस्मानपुऱ्यातून यायची. आम्ही दोघी एकाच टेबलावर, ती सफाईला आणि मी तपासणीला. तिचा हात म्हणजे काय सांगू! कागद असा ओढायची की थेंबालासुद्धा पत्ता लागू नये. जीभ मात्र हाताच्या अगदी उलट. मला ती 'सुमनभाभी' म्हणायची आणि माझ्या तपासणीला 'भाभी की सीआयडी'.

तो आरसा आला तेव्हा त्याच्यासोबत फक्त मापांचा नकाशा आला. बाजरीच्या भाकरीएवढा, भाकरीहून बराच जड. त्यावर थरावर थर देऊन चकाकी आणलेली, आणि अट अशी की तपासणीच्या दिव्याखाली एकही कण दिसता कामा नये. एरवी आमच्याकडं दुर्बिणींचे, दवाखान्यातल्या यंत्रांचे आरसे यायचे, त्यांना एखादा कण माफ असायचा. ह्याला काहीच माफ नव्हतं. मी पाटीलसाहेबांना विचारलं, "साहेब, हा कशाचा?" ते म्हणाले, "ग्राहकाचा." त्यांनाही माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. माहीत नसताना साहेबासारखं उत्तर कसं द्यावं, हे मात्र त्यांच्याकडून शिकावं.

मग आमचा अंदाजांचा खेळ सुरू झाला. नसीमचं म्हणणं, मोतीबिंदूच्या यंत्राचा. मला आठवली लहानपणची अजिंठ्याची सहल. माझी मावशी फर्दापूरला असायची. तिच्यासोबत लेणी बघायला गेलो तेव्हा एका लेण्याच्या तोंडाशी एक माणूस चकचकीत पत्रा धरून बाहेरचं ऊन आत फेकत होता, आणि आतल्या अंधारात भिंतीवरचा एक चेहरा हळूहळू उजळत गेला होता. मी म्हटलं, हाही तसलाच असणार, कुठंतरी अंधारात काहीतरी दाखवायला. मनाशी ते चित्र धरून मी त्या आरशाची तपासणी केली. नसीमनं पुसला, मी बघितला. निर्मळ होता. अगदी शपथेवर सांगते.

आरसा काळ्या पेटीत, स्पंजाच्या खोबणीत बसवून मालकांच्या केबिनमध्ये गेला. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. देवभोळा माणूस, पण धंद्यात पक्का. मध्ये दसरा आला, आणि दसऱ्यानंतर पेटी दक्षिणेकडच्या कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेत रवाना झाली.

आणि एक दिवस आरसा परत आला. सोबत एक मॅडम आल्या. साधी सुती साडी, पाठीवर बॅग, कपाळावर चंदनाची बारीक रेघ. त्या शास्त्रज्ञ होत्या. त्यांनी आरसा टेबलावर ठेवला आणि आम्ही सगळे वाकलो. ज्वारीच्या कणसावर काणी पडावी तसा मधोमध काळा डाग होता. तिथला थर फुटून उडाला होता.

मॅडमनी हिंदीत समजावलं ते असं. कुठलाही आरसा समोर आलेला सगळा उजेड परत देत नाही, थोडा गिळतो. गिळलेल्या उजेडाची उष्णता होते. घरच्या आरशात ते जाणवत नाही. पण ह्या आरशावर जो किरण पडतो तो फार प्रखर असतो, आणि त्याच्या वाटेत धुळीचा कण बसलेला असला तर तो कण पेटतो आणि जाताना खालचा थरही सोबत घेऊन जातो. म्हणजे त्या जागी कण होता, असा त्यांचा कयास होता.

पाटीलसाहेबांनी ताबडतोब मान वळवली. "शेवटची सफाई कुणाची?"

"मेरी," नसीम म्हणाली.

"सुरमा लावून आत गेली होतीस?"

"नहीं साब."

"मग मेंदी? तुमच्याकडं काही ना काही चालूच असतं. उद्यापासून पॅकिंगला बस."

पॅकिंगला पाठवणं म्हणजे सावकाश घरी पाठवणं, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "साहेब, तिच्यानंतर मी बघितलाय. काही नव्हतं त्यावर." साहेब म्हणाले, "सुमनताई, तुम्ही मध्ये पडू नका." हे काही मला कळलं नाही. शेवटी बघितलं ते मी, आणि मध्ये पडायचं नाही ते मीच! डाग असलाच तर तो दोघींचा होता. पण साहेबांना दोघींचा डाग नको होता, त्यांना एकीचा हवा होता, आणि ती कोण हेही त्यांनी मनात ठरवलं होतं. मला संताप आला, पण नोकरी माझीही होती.

नसीम मात्र रडली नाही. ती मॅडमकडं वळली. "मॅडम, काच सबने देखा. डब्बा किसीने देखा? मेरी गलती है तो जरूर निकालो मेरेकू, पर पहले डब्बा खोलो."

मॅडमनी पेटी उघडली. वरचा स्पंज काढला, खालचा उपसला. कोपऱ्यातून टपकन काहीतरी टेबलावर पडलं. मॅडमनी चिमट्यात धरून दिव्यासमोर नेलं.

"ये... चावल है क्या?"

तांदळाचा दाणा होता. केशरी.

पाटीलसाहेब घाईघाईनं म्हणाले, "कुणाच्या तरी टिफिनमधून..."

"साब," नसीम म्हणाली, "हमारे टिफिन में चावल पका के लाते. रंगा के नहीं."

दाराशी भाऊसाहेब उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "नवमी होती," ते हळूच म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. निदान तसं वाटलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. लेथला, कंप्रेसरला, जनरेटरला हळदकुंकू. क्लीन रूमला मनाई, म्हणून दाराबाहेरच्या उंबऱ्याला. त्या वर्षी भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये ही पेटी होती. गुप्ततेच्या कागदावर सही त्यांची एकट्याची होती, त्यामुळं आरसा कशासाठी आहे हे कारखान्यात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. आम्हाला सोडाच, त्यांनी घरात बायकोलाही सांगितलं नव्हतं. "पण देवापासून काय लपवायचं?" ते म्हणाले. "बापजाद्यांनी तलवारी पुजल्या. माझ्या हातून पहिल्यांदा एक शस्त्र बाहेर जाणार, आणि त्याला नवमीला दोन अक्षता नाही? आरशाला हात नाही लावला मी. झाकण उघडून नुसत्या वरून..." त्यांनी चिमूट उघडून दाखवली.

माझ्या कानात एकच शब्द घुमत राहिला. मी विचारलं, "शस्त्र? कुठलं शस्त्र?"

भाऊसाहेबांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी छताकडं बघितलं. मग त्या म्हणाल्या की आता एवढं झालंच आहे तर एवढंच सांगते. लढाऊ विमानावर एक यंत्र बसवायचा प्रयत्न चालू आहे, त्यातून प्रकाशाचा झोत निघतो. समोरून ड्रोन किंवा क्षेपणास्त्र आलं तर त्याला गोळी मारायची नाही, झोत धरून जाळायचं. हा आरसा त्या झोताला वाट दाखवणारा. अजून सगळं जमिनीवरच आहे, विमान लांब आहे. विमान थरथरतं, हवेत धूळ, ढग. आणि हा आरसाच टिकेना.

इथं गोष्ट संपायला हवी होती. नसीम सुटली, भाऊसाहेबांनी चूक कबूल केली. पण मॅडम तो दाणा चिमट्यात फिरवत राहिल्या, आणि बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज पार उतरला होता.

"हमने भी डाला था."

त्यांच्याकडं म्हणे नवीन काही सुरू करायचं तर नारळ, लिंबू, कुंकू आणि अक्षता असतातच. चाचणीच्या दिवशी पेटी उघडून ठेवली होती, आणि त्यांच्या वरिष्ठांनी पेटीवरही अक्षता टाकल्या होत्या. आता झाली का पंचाईत! भाऊसाहेबांच्या अक्षता कुंकवाच्या, म्हणजे लाल. मॅडमच्या हळदीच्या, म्हणजे पिवळ्या. आणि दाणा केशरी. दोघंही त्याच्याकडं असे बघत होते, जणू बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठरवतायत.

"म्हणजे आरसा अक्षतेमुळं जळला?" पाटीलसाहेबांनी विचारलं.

"मालूम नहीं," मॅडम म्हणाल्या. दाणा खोबणीखाली होता, आरशावर नव्हता. कुंकवाची पूड उडाली असेल. हळदीची असेल. कदाचित थरातच मूळचा दोष असेल. डागाच्या जागी जे होतं ते जळून गेलं, आता ते सांगायला उरलेलं नाही.

"मतलब मैं भी हो सकती?" नसीमनं सरळ विचारलं.

मॅडम प्रामाणिक बाई होत्या. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. अहवालात 'बाह्य कण' असं लिहायचं ठरलं. नसीम पुटपुटली, "बाहर का कायका? घर का ही था."

दुसरा आरसा तयार होत होता. तो टिकला नाही तर हे काम कारखान्याच्या हातून जाणार, आणि मग नसीमवरचा संशय कायमचा तिच्याच गळ्यात राहणार, हे उघड होतं. पाटीलसाहेब म्हणाले, खबरदारी म्हणून ह्या वेळी सफाई सुमनताईंनी करावी. भाऊसाहेबांनी मान हलवली.

मी म्हटलं, "माझा हात हल्ली थरथरतो."

साफ खोटं होतं. भाऊसाहेबांनी माझ्या हाताकडं बघितलं. हात दगडासारखा स्थिर होता. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "असं असेल तर नसीमच करील."

संध्याकाळी शेअर रिक्षात बसून आम्ही दोघी जालना रोडनं निघालो. एरवी रिक्षावाल्याला गाणं कमी करायला लावणाऱ्या नसीमनं त्या दिवशी ते तसंच वाजू दिलं. मग म्हणाली, "भाभी, मैं समझी थी किसी बुढ्ढी की आँख खुलेगी."

"मला वाटलं भिंतीवरचं चित्र दिसेल."

"जलाने का काम है ये तो."

"विमानातला पोरगा वाचेल की पण. समोरून येणारं जळालं तर तो वाचला ना?"

"हौ, वो भी सही," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "पर जला तो गिरेगा कहाँ? नीचे कोई तो रहता होगा."

तेवढ्यात डोक्यावरून एक प्रवासी विमान उतरायला खाली आलं. विमानतळाशेजारी आयुष्य काढल्यानं विमानाकडं मान वर करून बघायची सवय कधीच मोडली होती. त्या दिवशी आम्ही दोघींनीही बघितलं. अभिमान वाटावा की भीती, मला ठरवता येईना. दोन्ही वाटत होतं, आणि दोन्हींची थोडी लाजही वाटत होती.

दुसरा आरसा नसीमनं पुसला तेव्हा मॅडम मुद्दाम येऊन उभ्या राहिल्या. काचेपलीकडं भाऊसाहेब, हात पाठीमागं बांधून. आदल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "जलानेवाली चीज, उसको इतना साफ कायकू करना?" आणि स्वतःच म्हणाली होती, "गंदा रखा तो बोलेंगे, नसीम का हात ही गंदा." आत गेल्यावर तिनं कागद ठेवला, थेंब सोडला, ओढला. तिच्याबरोबर आम्ही सगळ्यांनीच श्वास रोखला होता. मग मी अंधार केला आणि तिरप्या दिव्याखाली बघितलं. पुन्हा बघितलं. मी नुसती होकाराची मान हलवली. पेटी मॅडमनी स्वतः बंद केली आणि आमच्यादेखत सील केली.

त्यानंतर काहीच कळलं नाही. आठवडे गेले, संक्रांत गेली. नसीम रोज विचारायची, "कुछ आया?" आणि मी रोज म्हणायचे, "नाही." पाटीलसाहेब तिच्याशी आता जपून बोलायचे. त्याचा तिला त्यांच्या रागापेक्षा जास्त त्रास व्हायचा.

शेवटी एकदा भाऊसाहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मॅडमचा फोन येऊन गेला होता. तसलेच आरसे आणखी हवे होते.

"म्हणजे टिकला!" मी म्हटलं.

"ते सांगता येत नाही म्हणाल्या."

"म्हणजे जळला? जळला म्हणून आणखी हवेत?"

"तेही सांगता येत नाही म्हणाल्या." भाऊसाहेब स्वतःच गोंधळलेले होते. "पण एक मात्र दोनदा सांगितलं त्यांनी. मागच्या वेळी ज्या बाईंनी पुसला, त्यांनीच पुसावा. हात बदलू नका."

नसीम उभी राहिली. "फिर से बोलो मालिक."

"हात बदलू नका म्हणाल्या."

ती सरळ लॉकरपाशी गेली, भिंतीकडं तोंड करून बराच वेळ डोळे पुसत राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "सुरमा निकाल रही हूँ." सुरमा नव्हताच.

पुढच्या नवमीला भाऊसाहेब पूजेचं ताट घेऊन क्लीन रूमच्या दारापर्यंत आले आणि तिथंच थबकले. नसीमनं आतून, काचेपलीकडून, हातानंच खूण केली, तिथंच थांबा. बाहेर आल्यावर म्हणाली, "मालिक, नारियल उधर फोडो, खोबरा इधर भेजो. बाकी अंदर कुछ नक्को." त्यांनी तसंच केलं. शस्त्राची पूजा लांबूनच झाली.

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर सासऱ्यांची मेंढरं भादरायची कातर असते. ते गेले, मेंढरंही गेली, पण कातर आहे. शेजारी ह्यांचे नटबोल्ट आवळायचे पाने, सासूबाईंचा विळा. नोकरी लागल्यापासून सासूबाई मला विचारायच्या, "तुझं काय ठिवायचं?" आणि मी म्हणायचे, "काही नाही." आमच्या खोलीतून काही बाहेर आणायची परवानगीच नव्हती. त्या पुटपुटायच्या, "लई मोठी नोकरी, अन् ठिवायला काय बी नाय." त्या घरात खरं शस्त्र माझ्याच हाताखालून गेलं होतं, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर त्यांना आनंद झाला असता, आणि तेच मला नको होतं.

निवृत्त झाल्यावरच्या नवमीला मी पाटाचा एक कोपरा स्वच्छ पुसला. थेंब टाकून, एकाच दिशेनं. आणि रिकामा ठेवला.

"हितं काय हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं काम आहे."

"दिसंना तर काय बी."

"दिसलं तर चुकलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या रिकाम्या जागेकडं. आता त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी चिमूटभर अक्षता उचलल्या आणि नेमक्या तिथंच टाकल्या. माझा हात आपोआप पुढं गेला, दाणे उचलायला. मग मी तो मागं घेतला, दुसऱ्या हाताशी जोडला आणि डोकं टेकवलं. कुणासमोर टेकवलं ते मला ठाऊक नाही. विमानातल्या पोरासाठी, की खाली राहणाऱ्या कुणासाठी, तेही नाही. मनात मात्र एवढंच आलं की आज नसीम समोर असती तर ओरडली असती, "भाभी, चावल उठाओ!"